मिठी कशी दिसत असेल गं?

२०१३ च्या भाऊबिजेला मी धाकट्या भावाला त्याने वाचलेलंच पुस्तक भेट दिलं. ओवाळणी भाऊ घालतो हे खरं, पण बहिणीनेही ताटाशेजारी एक पुस्तक ठेवायचं, असा आमच्या दोघांपुरता रिवाज आहे. त्या वर्षी बँकेच्या कामाने फोर्टात गेले होते. फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्पीत ‘मिडनाइट रायट’ दिसलं. लेखक बेन आरोनोविच, म्हणजे घरचाच माणूस. मागचा मजकूर वाचत उभी राहिले असते तर डेक्कन क्वीन चुकली असती. विक्रेत्याने दीडशे सांगितले, मी शंभर टेकवले आणि धावत सुटले.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

“ताई, हे आपण वाचलंय.”

“कसं शक्य आहे? नाव बघ ना.”

“नाव तेवढंच नवीन आहे. आत सगळं तेच.”

झालं होतं असं, की २०११ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये जी कादंबरी ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ म्हणून निघाली, तीच अमेरिकेत ‘मिडनाइट रायट’ या नावाने निघाली. मी कपाळावर हात मारला. पण एक बरं झालं. जोडीच्या पाटल्यांतली एकेक दोघींकडे असावी, तशी एक प्रत माझ्याकडे राहिली आणि एक त्याच्याकडे. पुढे तो दुसऱ्या देशात गेला तेव्हा ती फार उपयोगी पडली.

या जातीच्या पुस्तकांना इंग्रजीत अर्बन फँटसी म्हणतात. मराठीत रुळलेलं नाव नाही. कुणी विचारलं की ‘शहरातल्या भुताखेतांच्या गोष्टी’ असं सांगून मी मोकळी होते आणि धाकटा चिडतो. त्याची व्याख्या अशी : टॉल्किनसारख्यांच्या कादंबरीत पहिल्या पानावर नकाशा छापावा लागतो, कारण तो मुलूखच कुठे नाही. आपल्या पुस्तकाला नकाशा लागत नाही, लोकलचं वेळापत्रक पुरतं. रस्ते खरे, पूल खरे, पोलीस चौकी खरी. फक्त त्या पुलाखाली कोण राहतं ते तुम्हाला आजवर माहीत नव्हतं.

‘रिव्हर्स ऑफ लंडन’ची सुरुवातच घ्या. जानेवारीतली कडाक्याची थंडी, पहाटेची वेळ. कॉव्हेंट गार्डनला खून झालाय आणि पीटर ग्रँट नावाचा नवा कॉन्स्टेबल जागेवर पहारा देत उभा आहे. जोडीदारीण कॉफी आणायला जाते. तेवढ्यात एक साक्षीदार पुढे येतो. तो सगळं पाहिल्याचं सांगतो. अडचण एवढीच, की तो मेलेला आहे आणि मरून बराच काळ झालाय. पीटर घाबरतो, पण वही काढून जबाब घ्यायला लागतो.

मी तिथेच विकले गेले. मी एका सहकारी बँकेत थकलेली कर्जं बघते. नोटिसा, जामीनदार, पंचनामा, ‘समक्ष सही केली’. जादूच्या गोष्टीतही कुणीतरी फॉर्म भरतंय, वरिष्ठांना काय कळवायचं या विवंचनेत आहे, हे वाचून मला माहेरी आल्यासारखं झालं. आरोनोविच स्वतः कॉव्हेंट गार्डनच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी करायचा. आपल्या कामाच्या परिसराकडे रोज पाहून पाहून ज्याचे डोळे दमले नाहीत, अशा माणसाचं हे लिखाण आहे. त्याच्या जगात जादूचे नियम आयझॅक न्यूटनने बांधून दिलेत आणि ती लॅटिनच्या धातूंसारखी घोकून शिकावी लागते. मंत्र टाकला की जवळच्या मोबाइलमधल्या चिपची वाळू होते. म्हणून पीटर आधी फोन बंद करतो, मग मंत्र म्हणतो. नियम असले की मला शांत झोप लागते.

धाकट्याला नियमांचं एवढं कौतुक नाही. त्याला दणका लागतो. याला कारण मीच असणार.

डोंबिवलीला आम्ही दोन खोल्यांत राहायचो. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक मिळायचं. मी तेरा वर्षांची होते, तो सात. मी नारायण धारप वाचायचे आणि रात्री त्याला तेच, थोडं तिखटमीठ लावून सांगायचे. धारपांचे ‘समर्थ’ दुष्ट शक्तींचा बंदोबस्त करायचे. मी मात्र बंदोबस्ताच्या आधीच गोष्ट थांबवून झोपून जायचे. मग धाकटा रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासाला एकटा जाईना. आईने मला दोन धपाटे घातले आणि त्याला सोबत करायचं काम कायमचं माझ्या गळ्यात पडलं. पुढे रत्नाकर मतकरी वाचले. त्यांच्या गूढकथा तर आपल्यासारख्याच माणसांच्या घरात घडतात, त्यामुळे आमच्या जिन्यावरचा बल्ब गेला की दोघांचीही पावलं जड व्हायची.

गूढकथेत अघटित घडलं की दार बंद होतं. वाचणारा बाहेर, अंगावर काटा. या दुसऱ्या प्रकारात अघटित घडल्यावर गोष्ट सुरू होते, कारण सकाळी आठ सतराची लोकल पकडून कामाला जायचंच असतं. पाहिलेलं मनात ठेवून, गर्दीत उभं राहून. आणि तेव्हा बाजूला एक तरी माणूस लागतो, ज्याला तेच दिसलंय. मला वाटतं ही पुस्तकं एकट्याने वाचायची नाहीतच. धाकट्याचं लग्न झालं तेव्हा त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, “तुम्ही दोघं रस्त्याने चालताना सारखं वर काय बघता?” आम्ही सज्जांवरचे दगडी मुखवटे बघत होतो. त्यांतला कोण जागा आहे, याचा अंदाज घेत होतो.

पहिलं पुस्तक त्याने आणलं, किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून. नील गेमनचं ‘नेव्हरव्हेअर’. १९९६ साली बीबीसीवर मालिका आली आणि त्याच वर्षी कादंबरी. एक साधा नोकरदार फुटपाथवर जखमी पडलेल्या मुलीला उचलतो, एवढीच त्याची चूक. दुसऱ्या दिवसापासून तो लोकांना दिसेनासा होतो. टॅक्सी थांबत नाही, ऑफिसात त्याचं टेबल हलवलेलं. तो आता ‘खालच्या’ लंडनचा झालाय, गटारं, बंद पडलेली स्टेशनं, बोगदे यांतल्या लंडनचा. तिथे स्टेशनांची नावं शब्दशः खरी आहेत. अर्ल्स कोर्ट म्हटलं की भुयारी गाडीच्या डब्यात खरोखरचा अर्ल दरबार भरवून बसलेला.

हे वाचल्यावर आमचा खेळ सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे. काळाचौकी : मेलेल्यांच्या तक्रारी इथेच नोंदवून घेतात, जिवंत माणसाने गेलं की ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवतात. कुर्ला : कुर्लीवरून आलेलं नाव, तेव्हा फलाटाखाली ती खेकडीण आहेच, हार्बरच्या गर्दीत पाय ओढते ती तीच. लग्न होऊन मी पुण्याला आले तेव्हा मला वाटलं खेळ संपला. उलट घबाड सापडलं. ज्या गावात जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, दाढीवाला दत्त आणि खुन्या मुरलीधर आपापल्या पत्त्यावर राहतात, तिथे लेखकाने कल्पनाशक्ती चालवायची ती कशाला? आमच्या मते हे सगळे अमावास्येला एकत्र बसतात आणि खुन्या मुरलीधराला कुणी काही विचारत नाही. खालचं पुणंही आहे. पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं ते जमिनीखालच्या दगडी नळांतून, आणि हवा सुटायला जागोजागी ज्या वाटा ठेवल्या त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. काळा हौद, बदामी हौद, बाहुलीचा हौद. मी ही नावं फोनवर सांगितली तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, “ताई, तू फसवत नाहीयेस ना?”

या प्रकाराचा इतिहास कुणी विचारला तर मी थोडक्यात सांगते. १९८७ साली एमा बुलने ‘वॉर फॉर द ओक्स’मध्ये मिनियापोलिसच्या रॉक बँडमधल्या गायिकेला परीलोकाच्या दोन दरबारांच्या लढाईत ओढलं. १९९८ मध्ये सेर्गेई लुक्यानेंकोने मॉस्कोत उजेडाच्या आणि अंधाराच्या लोकांना एकमेकांवर गस्त घालायला लावली. २०२० मध्ये एन. के. जेमिसिनच्या ‘द सिटी वी बिकेम’मध्ये न्यूयॉर्कचे विभाग चक्क माणसं होऊन आले. आपल्याकडे श्वेता तनेजा यांची तांत्रिक-डिटेक्टिव्ह बाई दिल्लीत फिरते, इंद्र दास यांच्या ‘द डिव्हावरर्स’मध्ये कोलकाता आहे. दोन्ही इंग्रजीत. मधल्या काळात एक लाट आली, तिच्यात प्रत्येक मुखपृष्ठावर चामड्याची पँट घातलेली एक बाई पाठमोरी उभी असायची आणि आत तिला दोन माणसं आवडायची, एक लांडगा, एक रक्तपिपासू. त्यांतली चाळीसेक पुस्तकं मी वाचली आहेत. त्याबद्दल इथे जास्त बोलत नाही.

धाकट्याचा देव म्हणजे जिम बुचरचा हॅरी ड्रेस्डेन. शिकागोचा जादूगार, टेलिफोनच्या पिवळ्या पानांत ‘जादूगार’ या सदराखाली एकटाच. त्याच्या जवळ आलं की यंत्रं बिघडतात, म्हणून जुनी खटारा फोक्सवॅगन चालवतो. मला हॅरी जरा बडबड्या वाटतो. पण त्या पुस्तकांत उंबरठ्याची एक कल्पना आहे, ती मात्र मी मानते. ज्या घरात माणसं खूप दिवस, जीव लावून राहिली, त्या घराचा उंबरठा मजबूत होतो. आत बोलावल्याशिवाय वाईट शक्तीला तो ओलांडता येत नाही, ओलांडलाच तर बळ बाहेर ठेवून यावं लागतं. भाड्याच्या खोलीचा उंबरठा कच्चा.

धाकटा तेव्हा घणसोलीला चार मुलांबरोबर राहत होता. “आम्हाला उंबरठाच नाही,” तो म्हणाला, “ग्रॅनाइटची पट्टी आहे. कोणीही येईल. काल घरमालक आला.” पुढे त्याने डोंबिवलीतच ब्लॉक घेतला तेव्हा आईने सुताराला बोलावून सागवानी उंबरठा बसवून घेतला. सोसायटीचा सेक्रेटरी कुरकुरला, व्हीलचेअर अडकेल म्हणाला. आईने ऐकलं नाही. गुडघे दुखत असताना खाली बसून तिने त्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, तांदळाच्या पिठीची दोन पावलं काढली, आणि शेवटचा ठिपका जरा जास्तच दाबून लावला. धाकट्याने त्याचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं : तटबंदी पूर्ण.

आईने आमचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. पण ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ तिला मी एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. लंडनमधल्या नद्या माणसाच्या रूपात राहतात. म्हातारा थेम्सबाबा १८५८ च्या उन्हाळ्यात, शहराने नदीचं पार गटार केलं आणि दुर्गंधीने लोक हैराण झाले तेव्हा, रुसून वरच्या अंगाला निघून गेला. त्याची शहरातली जागा पुढे नायजेरियाहून आलेल्या एका बाईने घेतली. ती थेम्समाई. तिच्या मुली म्हणजे शहरातले ओढे, टायबर्न, फ्लीट, बेव्हर्ली ब्रुक. बहुतेकींच्या डोक्यावरून आज रस्ते जातात.

आईचं माहेर वाईचं. ती मेथीची काडी मोडत म्हणाली, “यात नवल कसलं? आमच्याकडे कृष्णाबाईचा उत्सव असतो, घाटाघाटावर मांडव घालून तिला बसवतात, साडी नेसवतात. नदी बाई नसेल तर काय असेल?” मग थोडं थांबून, “बाबा कसा असेल पण?” तिला खटकलं ते एवढंच.

धाकट्याला त्या पुस्तकात लागलं ते वेगळं. २६ जुलै २००५ ला तो अठरा वर्षांचा होता, कुर्ल्याजवळच्या एका कॉलेजात. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो रात्रभर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून होता, खालून पाणी एकेक पायरी चढत होतं. आमचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुळांवरून चालत चालत घरी आला, पायात एकच चप्पल. जेवला, झोपला, काही बोलला नाही. सहा वर्षांनी, २०११ मध्ये, ‘रिव्हर्स’ वाचून संपवल्याच्या रात्री साडेअकराला त्याने फोन केला.

“ताई, तोपर्यंत मी तिला नाला समजत होतो. मिठी नदी आहे, हे मला त्या जिन्यात कळलं.”

मी गप्प.

“कशी दिसत असेल गं ती?”

त्या रात्री आम्ही दीडपर्यंत तिला घडवत होतो. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघते, विमानतळाच्या धावपट्टीखालून वाकून जाते, माहीमच्या खाडीला मिळते. मी म्हटलं, भंगारवाली असेल. कुर्ल्यात गाळा, हाताला ऑइल, कुणाशी फार बोलत नाही, हिशेब मात्र पक्का. तो म्हणाला, नाही, नर्स. रात्रपाळीची. सगळ्यांची घाण काढते आणि सगळे तिला ‘ए’ म्हणून हाक मारतात. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या तिच्या बहिणी, उपनगरांत दिलेल्या. उल्हास नदी म्हणजे थोरली मावशी, कल्याणकडची, तिच्यापुढे सगळ्या टरकून. “आणि नाव बघ,” तो म्हणाला, “मिठी. त्या रात्री तिने सगळ्यांना एकदम मारली.” हे बोलताना त्याचा आवाज बदलला होता. जिन्यातल्या त्या रात्रीबद्दल तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो असा, नदीच्या आडून.

ड्रेस्डेनचं पंधरावं पुस्तक २०१४ मध्ये आलं आणि सोळावं २०२० मध्ये. त्या सहा वर्षांत धाकट्याचं लग्न झालं, बाबा गेले, तो नोकरीसाठी लंडनला गेला, आई माझ्याकडे पुण्याला आली. मग लॉकडाउनमध्ये, जुलैत आणि सप्टेंबरात, दोन पुस्तकं पाठोपाठ आली. त्याचं काम पाचला संपायचं, तेव्हा इथे साडेनऊ. रोज अर्धा तास तो फोनवरून मोठ्याने वाचायचा, मी भांडी घासत ऐकायचे. खाली रस्त्यावर कुत्रं नव्हतं. तिकडे शिकागोवर राक्षस चालून येत होते आणि मधेच धाकटा थांबून विचारायचा, “आईची बीपीची गोळी झाली का?” सहाव्या पुस्तकात हॅरीला एक गोष्ट कळते, त्याच्या रक्ताच्या नात्यातली. ती मी इथे सांगितली तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. पण ते पान आम्ही तेव्हा पुन्हा काढून वाचलं.

त्याआधीचा एक रविवार राहिलाच. लंडनला गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्याने फोन केला. तिथे सकाळचे सात, माझ्याकडे साडेअकरा, कुकर लावलेला. म्हणाला, “बोलू नकोस, फक्त ऐक.” क्लार्कनवेल भागात रे स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे एका पबसमोर रस्त्यातच लोखंडी जाळी आहे आणि तिच्याखालून फ्लीट नदी वाहते. हॅम्पस्टेडच्या माळावरून निघून ब्लॅकफ्रायर्सला थेम्सला मिळणारी, वर्तमानपत्रांच्या फ्लीट स्ट्रीटला जिच्यावरून नाव पडलं ती, आता सगळी जमिनीखाली. रहदारी नसेल तेव्हा तिचा आवाज येतो. धाकटा रस्त्यात गुडघ्यांवर बसून फोन जाळीला लावून होता. मी गॅस बारीक केला, स्पीकर चालू केला. आधी नुसती खरखर. मग खोल कुठूनतरी घळघळ, घळघळ, अखंड.

आतल्या खोलीतून आई ओरडली, “अगं, कुठला नळ चालू राहिलाय?”

त्या आवाजाची परतफेड माझ्याकडून बरीच वर्षं राहून गेली होती. गेल्या पावसाळ्यात एकदा वसुलीवरून परतताना दांडेकर पुलावर स्कूटर बाजूला लावली. खाली आंबील ओढा. पेशवाईत याची वाट वळवली, नंतर आम्ही त्याच्या काठाला, मग पात्रालाच टेकून घरं बांधली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो घरांत शिरला आणि माणसं घेऊन गेला. त्या पट्ट्यात आमच्या बँकेचेही कर्जदार होते. महिनाभराने नोटिसा द्यायला मीच गेले होते, आणि भिंतींवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ बघून त्या न देताच परत आले होते.

कठड्यावरून हात लांबवून मी फोन खाली धरला. बस, टेम्पो, हॉर्न. ओढ्याचा आवाज काही येईना. एक रिक्षा येऊन थांबली.

“मॅडम, काय पडलं का खाली?”

“नाही हो. पाण्याचा आवाज घेतेय.”

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, खाली पाहिलं, आणि रिक्षाचं इंजिन बंद केलं. तेवढ्या दहा-बारा सेकंदांत थोडासा आवाज मिळाला. मी मान वर केली तोवर तो निघूनही गेला होता.

रात्री ती क्लिप धाकट्याला पाठवली. तासाभराने उत्तर आलं.

“मधे कोण बोललं?”

“रिक्षावाला.”

“नक्की?”